त्यांच्या सिनेमातली मी

माझा नवरा नट होता. जालन्यात अजून चार-दोन म्हातारी माणसं असतील, ज्यांनी त्यांना पडद्यावर पाहिलंय. त्यातल्या कुणालाही विचारा. ते सांगतील की त्या नटाची बायको फार निर्दय होती, तिनं तापानं फणफणलेलं लेकरू घरात कोंडलं, नवं लुगडं नेसून लग्नाला गेली आणि पुढं विहिरीत जीव दिला. ती बायको मी. विहिरीत मी जीव दिला नाही, हे उघडच आहे. लेकराचं काय झालं ते मात्र कुणाला ठाऊक नाही, म्हणून लिहिते.

माझं माहेर टेंभुर्णीचं. आमच्याकडे, निजामाच्या राज्यात, त्या काळात शाळा म्हणजे उर्दू, आणि तीही मुलांची. पण माझ्या थोरल्या भावाला एका गोसाव्याकडून मराठी अक्षरं आली होती, ती त्यानं चुलीपुढं राखेत बोटानं काढून मला शिकवली. तेराव्या वर्षी माझं लग्न झालं आणि मी जालन्याला, कुंडलिका नदीच्या अलीकडं, शिंप्याच्या घरी आले. सासरे आधीच वारले होते. घरात सासूबाई आणि त्यांचा हा एकुलता एक मुलगा. पुढच्या खोलीत दुकान, मागं स्वयंपाकघर आणि न्हाणी. तहसील कचेरीतल्या अंमलदारांच्या शेरवान्या आमच्याकडे शिवायला यायच्या. यांचा हात इतका साफ होता की गळपट्टीला सुरकुती म्हणून पडायची नाही.

लग्नानंतर तिसऱ्या वर्षी एक नाटक कंपनी जालन्याला येऊन राहिली. त्यांचे उसवलेले जरीचे अंगरखे आमच्याकडं आले. हे ते द्यायला-घ्यायला जायचे आणि तालीम ऐकत बसायचे. काज करता करता नाटकातली भाषणं म्हणायचे. कंपनीतला एक नट हिवतापानं पडला तेव्हा यांना पाठ होतं म्हणून यांनाच उभं केलं. कंपनी निघाली तेव्हा हेही निघाले. जाताना मला म्हणाले की दोन महिन्यांत येतो, मशीनला तेल देत जा. मी तेल देत राहिले आणि मशीन चालवायलाही शिकले. शेरवानी मला कधी जमली नाही. चोळ्या, परकर, आणि मुख्य म्हणजे लहान लेकरांची झबली, टोपडी, कुंच्या मी करू लागले. माझ्या हातची कुंची लेकराला लाभते, असं बायका म्हणायच्या. सगळ्या गल्लीची बाळं माझ्याच टाक्यांत गुंडाळलेली असायची.

नाटक कंपनीतून ते सिनेमाच्या कंपनीत गेले. आधी कोल्हापूर, मग मुंबई. सिनेमा तेव्हा मुका होता. वर्षातून एकदा, कधी दोनदा घरी यायचे. मला अठरावं लागलं त्या वर्षी मुलगा झाला. सावळा होता. एक कान जरा पुढं आलेला. मशीन चाललं की त्या आवाजावर झोपायचा आणि थांबलं की उठायचा, त्यामुळं मला दुपारभर पाय हलवत बसावं लागे. त्याचा फोटो काढायचा राहून गेला. वडील सिनेमात, आणि मुलाचा एक फोटो नाही.

तो तीन वर्षांचा असताना गावात पटकी आली. नदीपलीकडं आधी, मग आमच्याकडं. सकाळी त्याला एक उलटी झाली आणि दुपारपर्यंत डोळे आत गेले. आमच्या भिंतीला लागून हकीमसाहेबांचं घर होतं. ते आले, नाडी पाहिली, अर्क दिला आणि स्वतः स्टेशनवर जाऊन यांना तार करून आले. हकीमसाहेबांची बीबी माझ्याजवळ येऊन बसली, ती शेवटपर्यंत उठली नाही. मी तिला आपा म्हणायची.

पटकीच्या रोग्याला पाणी द्यायचं नाही, असं तेव्हा सगळे मानायचे. पाण्यानं जुलाब वाढतो म्हणायचे. सासूबाई म्हणाल्या, शेजारच्या बायका म्हणाल्या, आणि मीही ते मानलं. तो पाणी मागत होता. आधी ओरडून, मग हळू, मग नुसते ओठ हलवून. मी तांब्या उचलून न्हाणीत नेऊन ठेवला, त्याला दिसू नये म्हणून. आपानं कापसाचा बोळा भिजवून त्याच्या ओठांना लावला तेवढाच. दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणाची वेळ टळून गेल्यावर, तो गेला. माझ्या मांडीवर गेला. पुष्कळ वर्षांनी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं कुणाला तरी सांगताना मी ऐकलं की पटकीत पाणीच द्यायचं असतं, जेवढं जाईल तेवढं. 

हे तेव्हा आले नाहीत. तार त्यांना मिळाली होती. कंपनीचं काम तीन दिवसांचं राहिलं होतं, ते करून जा असं कंपनीवाले म्हणाले, आणि तीन दिवसांचे किती झाले ते त्यांनाही सांगता आलं नाही. दोन महिन्यांनी आले. उंबऱ्यातच बसले, खूप रडले, सासूबाईंच्या पायावर डोकं ठेवलं. पण मला त्यांनी एक गोष्ट विचारली नाही, की झालं कसं. मी आज विचारतील, उद्या विचारतील म्हणून वाट पाहिली. आठव्या दिवशी गाडीनं परत गेले.

त्यानंतर चारेक वर्षांनी त्यांचं कार्ड आलं. सिनेमा आता बोलायला लागला होता आणि यांचा आवाज चांगला, म्हणून यांना मोठं काम मिळालं होतं. कार्डात लिहिलं होतं की या खेळात मी मीच झालो आहे. माझंच नाव, माझंच गाव, माझीच हकिकत. जालन्याला आला की आईला घेऊन पाहा.

तेव्हा जालन्यात सरकी काढायच्या एका बंद पडलेल्या जिनाच्या पत्र्याच्या शेडमध्ये सिनेमा दाखवायचे. आठवड्यातून एकदा दुपारी जनाना खेळ असायचा, फक्त बायकांचा. दारं-खिडक्यांना गोणपाट लावून अंधार करायचे. टांग्यातून वाजतगाजत जाहिरात फिरली. आपल्या गावचा माणूस, आणि सिनेमातही त्याचं तेच नाव, म्हणून सगळं गाव लोटलं. सासूबाईंनी ठेवणीतलं लुगडं काढलं, मलाही नेसायला लावलं. आम्ही दारात गेलो तर बायकांनी सरकून वाट दिली, पुढं सतरंजीवर मधोमध बसवलं. कुणीतरी माझ्या हातावर गजरा ठेवला.

पडद्यावर पहिल्यांदा अक्षरं आली. ही एका नटाची खरी हकिकत आहे आणि तो नट स्वतःच ती तुमच्यापुढं करून दाखवणार आहे, असं लिहिलं होतं. बायकांना वाचता येत नव्हतं. त्यांनी मला विचारलं काय लिहिलंय, आणि मी मोठ्यानं वाचून दाखवलं. मीच वाचून दाखवलं की हे खरं आहे.

सुरुवातीला छान होतं. हे मशीनवर बसलेले, शेरवानी शिवताना नाटकातलं म्हणणारे. बायका हसल्या. मग त्यांची बायको आली. गोरी, उंच, नथ घातलेली, फाटक्या तोंडाची. त्यांनी तिला हाक मारली आणि ती माझ्या नावानं मारली. सासरी माझं जे नाव ठेवलं होतं, तेच. शेडमध्ये कुजबुज झाली. सासूबाईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

पुढचं मी थोडक्यात सांगते. त्या बाईला नवऱ्याचं नाटक आवडत नाही, ती त्याला घालूनपाडून बोलते, म्हणून तो घर सोडतो. मूल तापानं फणफणतं. बाई त्याला आत टाकून बाहेरून कडी लावते आणि लग्नाच्या मांडवात जाते. इकडं नाटक चालू असताना बापाला निरोप येतो, तो तोंडाचा रंगही न पुसता धावत सुटतो, दार फोडतो, आणि मूल त्याच्या मांडीवर प्राण सोडतं. मग ती बाई येते, आणि पश्चात्तापानं विहिरीत उडी घेते. शेवटी हे पुन्हा रंगमंचावर उभे, लोक टाळ्या वाजवतायत आणि यांच्या गालांवरून पाणी वाहतंय.

पडद्यावरचं मूल गोरंपान, कुरळ्या केसांचं होतं. ते मरताना शेड हुंदक्यांनी भरून गेली. मीही रडले. माझं मूल वेगळं होतं, वेगळं गेलं होतं, पण बाप रंगवलेल्या तोंडानं धावत येतोय हे पाहून मला आवरेना. दिवा लागला तेव्हा मी डोळे पुसत होते, आणि पाहते तर आजूबाजूच्या सगळ्या बायका माझ्याकडं बघत होत्या.  येताना सरकून वाट दिली होती तशीच जातानाही दिली, फक्त या वेळी त्या पदर सावरून जरा जास्तच सरकल्या.

घरी आल्यावर सासूबाई चूल पेटवताना म्हणाल्या, "तो आला आस्ता तर आसाच आला आस्ता गं. रंग न पुसता."

मी म्हटलं, "पण आले न्हाईत, आत्याबाई."

"न्हाई आला," त्या म्हणाल्या. "आला आस्ता तर, म्हनू राह्यले मी."

चार दिवसांनी गल्लीतली एक बाई आली. तिच्या लेकीला सातवा महिना होता आणि झबल्या-कुंचीसाठी तिनं माझ्याकडं कापड टाकलं होतं. ते कापड परत द्या म्हणाली, घरीच शिवतो. मी बेतून ठेवलेलं तिच्यापुढं ठेवलं. तिनं ते तसंच कापलेलं गोळा करून नेलं. मग दुसरी आली. मग कुणी यायचंच थांबलं. तोंडावर कुणी काही बोललं नाही, पण पाणवठ्यावर बोललेलं माझ्यापर्यंत यायचं. आपल्या लेकराच्या अंगाला तिचा हात नको, असं बोललं जाई. ज्या बायकांनी माझ्या मुलाला ओवाळलं होतं, तो गेला त्या दिवशी ज्या आमच्या ओट्यावर बसून होत्या, त्यासुद्धा. त्या खोटं बोलत होत्या असं मी म्हणणार नाही. त्यांनी एक दिवस ओट्यावरून पाहिलं होतं आणि एक दिवस पडद्यावर पाहिलं होतं, आणि पडद्यावर सगळं जवळून दिसत होतं.

आपा जनाना खेळाला गेली नव्हती, हकीमसाहेबांना सिनेमा आवडायचा नाही. पण तिच्या कानावर आलं. ती तिच्या नातीसाठी छिटाचं कापड घेऊन आली, सगळ्या गल्लीनं पाहावं म्हणून भर दुपारी, ते हातात मिरवत. माझ्या दुकानात बसली.

"मैं थी ना वहाँ," ती म्हणाली. "तू उठी बी नहीं उसके पास से. मेरे हात में रुई थी. मैं देखी सब. इसका कुर्ता सी दे."

मी तो कुर्ता शिवला. त्यानंतर पुष्कळ दिवस लहान मापाचं तेवढंच एक काम माझ्या हातून गेलं. बाकी मी गोधड्या आणि परकर शिवत राहिले.

सहा महिन्यांनी हे आले. हैदराबादला त्यांच्या खेळाचा समारंभ होता, वाटेत दोन दिवस उतरले. स्टेशनवर लोकांनी हार घातले, टांग्यातून मिरवत आणलं. दुसऱ्या दिवशी जेवायला बसले तेव्हा घरात आम्ही दोघंच होतो. मी वाढता वाढता विचारलं की असं का केलं.

ते म्हणाले की गोष्ट त्यांनी कंपनीच्या मालकाला खरीच सांगितली होती, तार आली आणि आपण गेलो नाही इथपर्यंत. मालकाला ती फार आवडली. पण तो म्हणाला की बाप आलाच पाहिजे.

"न आलेला बाप कोन बघतंय?" ते म्हणाले. "लोक उठून जातेत. आन् बाप चांगला, माय बी चांगली, तर मंग लेकरू मेलं कशानं, त्याला काही तर पाह्यजे का न्हाई."

"पटकीनं मेलं," मी म्हटलं.

"पटकी दाखवता येत न्हाई."

मी विचारलं, मग माझं नाव कशाला घातलं. 

"माझं नाव खरं हाये," ते म्हणाले. "मंग तुझं खोटं कसं ठेवायचं?"

मी त्यांना गल्लीतल्या बायकांचं सांगितलं, परत नेलेल्या कापडाचं सांगितलं. त्यांना वाईट वाटलं, ते मला दिसलं. म्हणाले, दोन वर्षांत लोक विसरतील, सिनेमाच आहे तो. मग हात धुऊन बाहेर गेले. बाहेर लोक थांबलेले होते. दारातून मला ऐकू आलं, एकानं विचारलं की ते दार तुम्ही खरंच खांद्यानं फोडलं का. यांनी नुसता खांदा चोळला. लोकांनी ते पाहिलं.

लोक विसरले नाहीत. तो खेळ वर्ष-दोन वर्षांनी फिरून यायचा. भोकरदनच्या जत्रेत तंबूत दाखवला, अंबडला दाखवला. माझ्या भावानं तो भोकरदनला पाहिला आणि त्यानंतर माहेरचं माणूस मला न्यायला आलं नाही. भावाला खरं माहीत होतं. पण त्याच्या बायकोच्या माहेरचे विचारायला लागले होते, आणि तो किती जणांना सांगणार. सासूबाई मात्र दर खेपेला जात. नातवाला बघायला जातात, असं म्हणायच्या. एकदा मी बरोबर गेले, मग त्या एकट्या जाऊ लागल्या. 'आला आस्ता तर' पासून त्या 'निघालाच व्हता' वर आल्या. आणि एक दिवस तांदूळ निवडता निवडता शेजारणीला म्हणाल्या की माझा लेक आल्ता बिचारा, तोंडाला रंग तसाच व्हता, दार फोडलं त्यानं.

ती गेल्यावर मी त्यांना आमच्या दाराची कडी दाखवली. जुनी, सासऱ्यांनी बसवलेली, कधी न तुटलेली. त्यांनी कडीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती, नुसता गोंधळ होता. त्या दिवशी तू कुठं गेल्तीस, असं त्यांनी मला विचारलं.

खरं सांगायचं तर माझंही काही बरं नव्हतं. मी तो खेळ दोनदाच पाहिला, पण डोळे मिटून मुलाला आठवायला गेले की कुरळ्या केसांचं गोरं पोर आधी यायचं. त्याला बाजूला करून, पुढं आलेला कान आठवून, त्यावरून चेहरा जुळवावा लागायचा. काही दिवस जुळायचा, काही दिवस नाही.

मोठी लढाई चालू होती, कापड महागलं होतं, त्या काळात हे कायमचे परत आले. मनमाडच्या गाडीनं आले, एक ट्रंक घेऊन. काम मिळणं कधीच थांबलं होतं. त्या एका खेळानंतर त्यांना कुणी दुसरं काही करू दिलं नाही. राजाचं काम केलं तर लोक म्हणायचे, हा तो लेकरू मेलेला नट. मग तेही बंद झालं. अंगात ताप असायचा, खोकल्यात रक्त पडायचं. दवाखान्यात क्षय म्हणाले. मी दुकानाच्या खोलीत, उजेडाला, त्यांची खाट टाकली आणि मशीन आत नेलं.

दुपारी माणसं भेटायला यायची. ओट्यावर, दारात बसायची. ती एकच गोष्ट मागायची आणि हे तीच सांगायचे. बसल्या बसल्या करून दाखवायचे, मांडीवर मूल असल्यासारखा हात वाकवून. आवाज गेला होता, तरी माणसं रडायची. सासूबाई कोपऱ्यात बसून मान हलवायच्या. पाणी द्यायला मी बाहेर आले की सगळे गप्प व्हायचे. विहिरीत मेलेली बाई तांब्या घेऊन आली की काय करायचं, हे कुणाला कळत नसे.

आजारपणाच्या तिसऱ्या हिवाळ्यात, एका दुपारी, कुणी आलेलं नव्हतं. मी त्यांचे पाय शेकत होते. ते म्हणाले, "मी आल्तो तव्हा त्यो जित्ता व्हता ना?"

मला आधी वाटलं थट्टा करतात. मग दिसलं की ते खरंच विचारत होते. त्यांना ठाऊक नव्हतं, किंवा ठाऊक होतं ते हरवलं होतं.

मी म्हटलं, "तुमी आलेच न्हवते. दोन महिन्यांनी आले."

त्यांनी पाय जवळ ओढून घेतले. मग म्हणाले, "मंग सांग कसं झालं ते."

बारा-तेरा वर्षांनी विचारलं. मी सगळं सांगितलं. सकाळची उलटी, हकीमसाहेबांचा अर्क, आपाचा कापूस. त्यानं पाणी मागितलं ते सांगितलं, आणि मी दिलं नाही तेही. तांब्या न्हाणीत नेऊन ठेवला, हे मी तोवर कुणालाही बोलले नव्हते, आपालासुद्धा नाही. डॉक्टरचं ऐकलेलंही सांगितलं. ते ऐकत होते. मध्ये एकदा विचारलं की त्यानं शेवटी काय म्हटलं. मी सांगितलं की शेवटी नुसते ओठ हलत होते. मग त्यांनी माझा हात धरला, तो अंधार पडेपर्यंत सोडला नाही. लग्नाला वीस वर्षं झाली होती, पण मला वाटलं, नवरा आज घरी आला.

दुसऱ्या दिवशी बाजारातले दोघं-तिघं भेटायला आले. मी आत मशीनवर होते. यांनी गोष्ट सुरू केली. रंग, धावणं, दार. मी पाय थांबवला नाही, मला ते पाठ होतं. आणि मग त्यांनी नवीनच काही सांगायला घेतलं.

"त्यानं पानी मागितलं," ते म्हणाले. "आवाज बी न्हवता, नुसते व्हट हलू राह्यले. मी न्हानीतून तांब्या आनला आन् वंजळीनं पाजलं त्याला. पोटभर पेला, मंग गेला."

बाहेर कुणीतरी हुंदका दिला. माझा पाय थांबला होता. मला आधी संताप आला, इतका की कात्री माझ्या हातात होती ती मी खाली ठेवली. माझ्याजवळ लपवून ठेवण्यासारखी तेवढी एकच गोष्ट होती, ती काल मी दिली आणि आज ती त्यांनी गर्दीत वाटली. आणि तेवढ्यात मी रडायला लागले. ओंजळीनं पाणी पिणारं पोर मला दिसलं, आणि ते सावळं होतं. माझंच होतं. खोटं असो, पण कुणीतरी त्याला पाणी दिलं होतं. मला हे दोन्ही एकाच वेळी कसं वाटलं, ते मला आजही सांगता येत नाही. मी त्यांना त्याबद्दल कधी बोलले नाही. त्यानंतर ते दर वेळी पाणी पाजूनच गोष्ट संपवायचे.

दीडेक वर्षानं ते गेले. अंत्ययात्रेला पुष्कळ माणसं होती. कुणीतरी मोठ्यानं म्हणालं की बापलेकाची आता भेट झाली. माझ्याविषयी कुणी काही म्हणालं नाही.

मग निजामाचं राज्य जाण्याचं वर्ष आलं. आधीचे काही महिने रझाकारांच्या भीतीनं आमच्या लोकांनी दारं लावून काढले, आणि राज्य गेल्यावर आपाच्या लोकांवर पाळी आली. नदीपलीकडं धूर दिसायचा. हकीमसाहेब एका खेड्यात रोग्याला बघायला गेले होते, ते परत आले नाहीत. कुणी म्हणालं वाटेत मारलं, कुणी म्हणालं ओढ्यात पडलेले पाहिले. आपा तीन दिवस आमच्या मागच्या खोलीत राहिली. माझं लुगडं नेसून, कपाळाला कुंकू लावून. सासूबाईंनी स्वतःच्या हातानं ते लावलं. कुणी दार वाजवलं की सासूबाई पुढं जायच्या आणि सांगायच्या, माझी भावजय आलीय भोकरदनहून. त्या बाबतीत त्यांची जीभ एकदाही अडखळली नाही.

चौथ्या दिवशी आपाचा जावई पोलीस घेऊन आला आणि तिला हैदराबादला घेऊन गेला. घर तसंच टाकून गेली. निघताना तिनं कुंकू पुसलं, माझं लुगडं घडी करून मशीनवर ठेवलं. टांग्यात बसायच्या आधी मला जवळ घेतलं. मी तिला तेव्हा न्हाणीतल्या तांब्याचं सांगितलं. का त्या घाईत सांगितलं कोण जाणे.

"मालूम है," ती म्हणाली. "मैं उदरिच बैठी थी ना."

दोन महिन्यांनी तिचं उर्दूत पत्र आलं. मी ते कचेरीतल्या एका मुन्शीकडून वाचून घेतलं. पोचलो, नात बरी आहे, घराला कुलूप आहे का ते कळव, एवढंच होतं. मी त्याच मुन्शीकडून उत्तर लिहवलं की कुलूप आहे. ते खरं नव्हतं, घरात दुसरी माणसं राहायला आली होती. तिचं पुढं पत्र आलं नाही. मी आणखी दोन पत्रं टाकली. त्या दिवशी माझ्या लेकराजवळ बसलेलं आणि ते लक्षात असलेलं तिच्याशिवाय दुसरं कुणी उरलं नव्हतं, म्हणून आता मीच लिहिते.